आधी राखण, मग पाणी, रोपं शेवटी: इंदूरजवळच्या उजाड टेकरीवर जंगल परत कसं आणायचं

इंदूरला झाडं लावायची हौस कमी नाही. १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजच्या टेकरीवर एका दिवसात १२ लाखांहून जास्त रोपं लावली गेली आणि गिनीजमध्ये नोंद झाली. त्याआधी २ जुलै २०१७ ला नर्मदाकाठच्या जिल्ह्यांत एका दिवसात ६ कोटींहून जास्त रोपं लावल्याचं राज्य सरकारने जाहीर केलं होतं. दर पावसाळ्यात कॉलनीचं रहिवासी मंडळ, शाळा, गणेशोत्सव मंडळ, निवृत्त मंडळींचे गट कुदळ-फावडी घेऊन निघतात, फोटो निघतात, पोहे-जिलेबी होते. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी परत जाणारे मात्र थोडे.

हा लेख त्या थोड्यांसाठी आहे. दहा-पंधरा जणांचा गट आणि पाच वर्षं टिकून राहायची तयारी असेल, तर महू, मानपूर, चोरल, सिमरोलच्या बाजूला एखाद-दोन हेक्टर उघड्या टेकरीचं काय करता येतं, ते इथे क्रमाने सांगतो. क्रम मुद्दाम उलटा आहे. बहुतेक जण रोपांपासून सुरुवात करतात आणि राखणीचं नंतर बघू म्हणतात. माळव्याच्या टेकऱ्यांवर जमिनीखाली बरंच जंगल अजून जिवंत आहे; त्याला वर यायला मिळत नाही, एवढाच प्रश्न आहे.

खर्च कशासाठी करायचा, हे सभासदांना पटवायचं असेल तर नकाशा दाखवा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. दक्षिणेला पठार संपतं आणि विंध्याचा कडा निमाडात उतरतो. कड्याच्या अलीकडे, जानापावच्या बाजूला पडलेला पाऊस चंबळ, गंभीर धरून उत्तरेला जातो आणि यमुना-गंगेमार्गे बंगालच्या उपसागरात पोहोचतो. पलीकडे पडलेला चोरलमधून नर्मदेला मिळतो. आणि ती नर्मदा आपण १९७८ पासून पितो: मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर, पंपांनी घाट चढवून. नर्मदेला हिमनदी नाही. उन्हाळ्यात तिला झिरपून मिळणारं पाणी सातपुडा आणि विंध्याच्या डोंगरांनी पावसाळ्यात मुरवलेलं असतं. टेकरी बोडकी झाली की तेच पाणी माती घेऊन चार दिवसांत निघून जातं.

जमीन कोणाची, आणि आधी काय होतं

कुदळ उचलण्याआधी पटवाऱ्याकडे जा. खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, काढा आणि जमीन महसूल खात्याची आहे, वन विभागाची आहे, खासगी आहे की चरनोई, हे लेखी बघा. चरनोई म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन. तिच्यावर शहरातून येऊन कुणी कुंपण घातलं तर भांडण ठरलेलंच, आणि त्यात गाव बरोबर असतं. वनजमीन असेल तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली परवानगीशिवाय तिथे चर खणणं, फांदी तोडणं, अगदी चांगल्या हेतूनेसुद्धा, चालत नाही. इंदूर वनमंडळात इंदूर, महू, मानपूर आणि चोरल अशा रेंज आहेत. आधी त्या बीटच्या नाकेदाराला, म्हणजे वनरक्षकाला, भेटा, मग रेंजरला अर्ज द्या आणि गावात वन समिती असेल तर तिच्या नावाने काम करा. थेट डीएफओ, म्हणजे वनमंडळ अधिकारी साहेबांकडे चिठ्ठी घेऊन जाणारे गट मी पाहिले आहेत. परवानगी येते, पण नाकेदार कायमचा नाराज होतो. आणि पाच वर्षं टेकरीवर रोज जाणारा सरकारी माणूस तोच असतो.

दुसरं, जागेचा इतिहास. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं मागे सरकवून बघता येतात, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळही आहे. वीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातलं चित्र आणि आजचं शेजारी ठेवा. सरकारी आकड्यांवर विसंबू नका. ते खोटे नसतात, त्यांची व्याख्या वेगळी असते. २०२३ च्या वनस्थिती अहवालात मध्य प्रदेशचं वनाच्छादन ७७,०७३ चौरस किलोमीटर आहे, देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक. पण या मोजणीत १ हेक्टर जागेवर १० टक्के सावली असली की ते वन. मग आंब्याची बाग असो, निलगिरीची रांग असो किंवा विलायती बाभळीचं रान. त्यामुळे सागाचं रान विरळ होत गेलं तरी आकडा जागचा हलत नाही.

चित्रं बघून झाली की गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या दासाबांना, म्हणजे आजोबांना, गाठा. चहा घ्या आणि एकच प्रश्न विचारा: तुमच्या लहानपणी या टेकरीवर कुठलं झाड होतं, आणि नाला कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा? पहिल्या उत्तरातून झाडांची यादी मिळते, दुसऱ्यातून तुमचं लक्ष्य.

उत्तर कधी कधी असंही येतं की इथे झाड कधीच नव्हतं, गवतच होतं. ते ऐका. माळव्यात गवताळ माळ हे नैसर्गिक आहेत. धार जिल्ह्यातलं सरदारपूर आणि रतलामजवळचं सैलाना ही अभयारण्यं १९८३ मध्ये तणमोरासाठी, म्हणजे इथल्या खरमोरासाठी झाली. तो पक्षी उंच गवतात राहतो, झाडांत नाही. अशा माळावर खड्डे पाडून झाडं लावणं म्हणजे एक परिसर मोडून दुसरा कच्चा परिसर उभा करणं. तिथे राखण करा, गवत वाढू द्या, बाकी काही नको.

खाली काय जिवंत आहे ते मोजा

हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करा. सुतळीने १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखा. टेकरीच्या माथ्यावर, मध्यावर, पायथ्याशी आणि नाल्याकाठी असे निदान आठ-दहा चौकोन, आणि चांगली जागा बघून निवडू नका; डोळे मिटून दगड फेका, पडेल तिथे चौकोन.

आता वाकून बघा. उभं राहून टेकरी रिकामी वाटते. बसलात की पळस दिसतो. खेड्यात त्याला खाखरा म्हणतात. वीतभर उंचीचा, जाड पानांचा झुबका, वरून शेळ्यांनी कातरून कातरून सपाट केलेला. बोटाने माती उकरा. खाली मनगटाएवढं, कधी दंडाएवढं मूळ लागतं. वरच्या वीतभर झुबक्याचं वय तुमच्यापेक्षा जास्त असू शकतं. दर पावसाळ्यात तो फुटतो, दर हिवाळ्यात खाल्ला जातो किंवा जळतो. सागाचे जुने खुंट कुऱ्हाडीच्या तिरक्या घावावरून ओळखू येतात, कडेने धुमारे असतात. धावडा, तेंदू, खैर, मोई, बोर, कुडा यांचंही हेच.

प्रत्येक चौकोनातले असे जिवंत खुंट आणि मुळं मोजा, जातीवार लिहा. माझा ठोकताळा असा: चौकोनामागे सरासरी पाच निघाले, तर हेक्टरी पाचशे, एकरी दोनशे झाडं तुमच्याकडे आधीच आहेत, मुळासकट, फुकट. तिथे रोपं लावण्यावर पैसे घालवू नका, फक्त राखा. एक-दोन निघाले तर राखा आणि मधल्या मोकळ्या जागा बियांनी भरा. काहीच नसेल, मुरूम उघडा पडला असेल, तर मात्र पुढचं सगळं करावं लागेल.

जुन्या मुळाच्या धुमाऱ्याला पहिल्याच वर्षी डोकं वर काढायला मिळालं तर तो एका पावसाळ्यात माणसाच्या कमरेपर्यंत जातो. नर्सरीतल्या रोपाला तेवढं व्हायला तीन वर्षं लागतात, तीही जगलं तर. एका खुंटाला सात-आठ धुमारे आले असतील तर पावसाळ्यानंतर दोन सरळ, जोरदार ठेवा, बाकीचे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. वनजमिनीवर ही छाटणी नाकेदारासमोरच.

राखण

गुरं, आग, कुऱ्हाड. तिघांचा बंदोबस्त वेगवेगळा.

गुरांसाठी तारेचं कुंपण हा पहिला विचार येतो आणि तो महाग पडतो. तार चोरीलाही जाते. त्याच पैशात गावातल्याच एखाद्या माणसाला राखणदार म्हणून महिन्याचा पगार देता येतो. तो कोण असावा, हे गावाने ठरवायचं, आपण नाही. शक्यतो ज्याची स्वतःची गुरं तिथे चरतात, त्याच्याच घरातला.

आणि गावाला बदल्यात काय, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला. "बंद करा" म्हटलं की कोणी ऐकत नाही. टेकरीचे तीन भाग करा. एकच भाग बंद, दोन चरायला मोकळे. बंद भागात गुरं नाहीत, पण दिवाळीनंतर गवत कापून भारे न्यायची मुभा सगळ्या घरांना. बंद जागेत मारवेल, पवन्या अशी चांगली गवतं पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच परत येतात, कारण त्यांना फक्त बी धरायला अवधी हवा असतो. एकदा बायकांनी तिथून डोकीवर गवत आणलं, की राखणीची बाजू घ्यायला गावातच माणसं तयार होतात. शेळ्यांचं गणित वेगळं. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्याकडेच शेळ्या असतात, त्यांना मोकळ्या भागात पहिला हक्क द्या.

कडेला सजीव कुंपण लावा, ते काही वर्षांत कामाला येतं: थोर, सागरगोटा, करवंद. मोई आणि पांगारा यांचे मनगटाएवढे जाड खुंटे पावसाच्या तोंडावर रोवले तर फुटतात.

आगीचा काळ साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत. आमच्याकडे बऱ्याच आगी मोहाखाली सुरू होतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, ती वेचायला जमीन साफ हवी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तो पुढे पसरतो. तेंदूपत्त्याची नवी कोवळी पानं लवकर यावीत म्हणूनही आग लावली जाते. यावर भाषणाचा उपयोग नाही. मोहाखाली जाळी किंवा जुन्या साड्या जोडून अंथरल्या की फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, भाव बरा येतो. शहरात प्रत्येक घरात जुन्या साड्यांचा ढीग असतो. हे काम कॉलनीतल्या वहिनी-मावशींकडे सोपवा, आठवड्यात होतं.

बंद भागाभोवती जानेवारीअखेर तीन मीटर रुंदीचा पट्टा झाडून, खरवडून मोकळा करा. पाचोळा जाळू नका, आत ढकलून चरांमध्ये टाका. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 'वन अग्नि' पोर्टलवर मोबाइल नंबर नोंदवला की आपल्या भागातल्या आगीचा उपग्रहाने टिपलेला इशारा एसएमएसने येतो. मोफत आहे, गटातल्या दोघा-तिघांनी नोंदवावा. तरीही पहिली खबर राखणदाराचा फोनच देतो, म्हणून त्याच्या फोनमध्ये बॅलन्स आहे ना, हे बघणं गटाचं काम.

कुऱ्हाडीबद्दल थोडक्यात. डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या बाईला अडवू नका. वाळकी काटकी नेल्याने जंगल संपत नाही. ट्रॅक्टर ट्रॉली रात्री निघत असेल तर स्वतः मध्ये पडू नका, रेंज ऑफिसला कळवा आणि वेळ-तारीख लिहून ठेवा.

पाणी अडवायचं माथ्यापासून

आपण इंदूरकर पाऊस इंचात मोजतो. वर्षाला साधारण ३६-३७ इंच. एका हेक्टरवर एक इंच पडला तर तो अडीच लाख लिटर होतो. वर्षभराचं पाणी ९० लाख लिटरच्या पुढे. ते टेकरीवरून पळू द्यायचं की नाही, एवढंच ठरवायचं आहे.

समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत राहणारे चर, खणायला यंत्र लागत नाही, पण रेषा बरोबर हवी. तिरका चर पाणी मुरवायच्या ऐवजी नवी घळ तयार करतो. रेषा आखायला ए-फ्रेम बनवा. दोन मीटरच्या दोन सरळ काठ्या वरच्या टोकाला बांधा, खालची टोकं साधारण दोन मीटर फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा. वरून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. आता दोन्ही पाय जिथे टेकले तिथे खुणा करा आणि दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे पेन्सिलची रेघ मारा. मग फ्रेम फिरवून डावा पाय उजव्याच्या खुणेवर, उजवा डाव्याच्या खुणेवर ठेवा, पुन्हा रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी पक्की रेघ. दोरी त्या रेघेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. फ्रेम चालवत न्यायची, प्रत्येक पावलावर चुना टाकायचा. शाळेतली पोरं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात; मोठे घाई करतात आणि दोरी हलत असतानाच चुना टाकतात.

चर सलग खणू नका, तुटक खणा: ३ मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद, ४५ खोल. मग तेवढीच मोकळी जागा, मग पुढचा चर. खालच्या ओळीतला चर वरच्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर यावा. चढ मंद असेल तर दोन ओळींत ८-१० मीटर, उभा असेल तर ५-६. निघालेली माती उताराच्या बाजूला, काठापासून वीतभर सोडून. असा एक चर एकदा भरला की ६०० लिटर पाणी धरतो. हेक्टरी शंभर चर म्हणजे एका भरण्यात ६० हजार लिटर, आणि एका पावसाळ्यात ते अनेकदा भरतात-रिकामे होतात. वाटेत पळसाचं किंवा धावड्याचं मूळ आलं तर चर तिथे थांबवा. मूळ तोडून पाणी मुरवण्यात काही अर्थ नाही.

कामाची सुरुवात नेहमी माथ्यावरून. नाल्यात बांध घालायचा मोह होतो, कारण तिथे पाणी दिसतं. पण वरची माती अडवली नाही तर तो बांध पहिल्या वर्षीच गाळाने भरतो. चर झाल्यावर छोट्या घळींत दगडांचे सुटे बांध घाला, दोन-तीन फूट उंच. मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, म्हणजे पुराचं पाणी मधून जाईल, कडा कापणार नाही. मोठे दगड बाहेरच्या बाजूला, तळ जमिनीत वीतभर रुतलेला.

पायथ्याच्या काळ्या मातीत मात्र हे चर खणू नका. ती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चर मुरमाच्या उतारासाठी आहेत.

मजूर कुठून आणायचे, हा प्रश्न झाबुआच्या भिल्लांनी आपल्या रीतीने सोडवला आहे. एखाद्यावर काम कोसळलं की सगळ्या घरांनी मजुरी न घेता हात लावायचा, ही त्यांची हलमा परंपरा. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकरीवर हजारो माणसं हलम्याने जमून चर खणतात. शहरातला गट हे हुबेहूब करू शकणार नाही, पण फेब्रुवारी-मार्चमधले रविवार ठरवून, अर्धी माणसं गावची आणि अर्धी आपली, एवढं जमतं. दुपारच्या आत आटपा. आणि गावच्या मजुराला मजुरी द्याच. श्रमदान हौसेचं असतं ते आपल्यासाठी.

बी

इथे घाई केली तर सगळं वर्ष जातं, म्हणून थोडं सविस्तर.

प्रत्येक झाडाच्या बियांची वेळ वेगळी, आयुष्यही वेगळं. काही वर्षानुवर्षं डब्यात राहतात, काही पंधरा दिवसांत मरतात. मरणाऱ्यांपासून सुरू करू. मोहाची गुल्ली, म्हणजे बी, जून-जुलैत पडते. फळातून काढली की आठवड्याच्या आत मातीत गेली पाहिजे. जांभळाचंही तसंच, तोंडातून थुंकलेली बी लगेच लावा, कित्येकदा एका बीतून दोन-तीन कोंब येतात. निंबोळीचा गर धुऊन सावलीत सुकवा, गोणपाटात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत पेरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली तर ती घाम येऊन कुजते. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये वाऱ्याने उडतात. शेंगेत टोकाला एकच तपकिरी, नाण्यासारखी बी असते. ताजीच पेरायची.

चारोळीची फळं एप्रिल-मेमध्ये. गर काढून टणक कवचाला हलक्या हाताने चीर पाडावी लागते, नाहीतर कोंब बाहेर येत नाही. बाजारातली सोललेली चारोळी पेरून काही उगवत नाही, हे सांगायची गरज नसावी, पण विचारणारे भेटतात. अंजनासाठी घाट उतरून निमाडात जावं लागेल. तो दर वर्षी भरपूर बी धरत नाही. ज्या उन्हाळ्यात धरतो त्या उन्हाळ्यात जमेल तेवढं गोळा करा.

टिकाऊ बियांत बहावा, खैर, शिरीष, आपटा. बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा हिवाळ्यापासून झाडावर लटकत असतात. बी इतकी कठीण की नुसती पेरली तर दोन वर्षं तशीच पडून राहील. उकळतं पाणी चुलीवरून उतरवून त्यात टाका आणि चोवीस तास थंड होऊ द्या. फुगलेल्या पेरा, न फुगलेल्या खरखरीत फरशीवर घासून परत तेच करा. खैराच्या शेंगांना कीड लवकर लागते, झाडावर तपकिरी झाल्या की लगेच उतरवा. बेहडा हिवाळ्यात पडतो, गर खरवडून एक-दोन दिवस भिजवून पेरा.

धावड्याच्या बियांच्या नादी लागू नका. बहुतेक पोकळ असतात. धावडा हवा असेल तर त्याचे खुंट राखणं हाच मार्ग. सागाचंही बी पेरायची गरज नाही, तो धुमाऱ्याने येतो. सभेत कोणीतरी सागच लावू, पुढे भाव येईल, असं म्हणेलच. त्याला सांगा, आपण इमारती लाकडाचा धंदा काढलेला नाही.

बी गोळा करताना एका झाडाखाली बसून पोतं भरू नका. निदान दहा-पंधरा वेगवेगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्या, अर्ध्याहून जास्त तिथेच सोडा. इंदूरजवळचं रालामंडल १९८९ पासून अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलायचं नाही. मानपूर-चोरलच्या बाजूच्या जंगलात गुल्ली आणि चारोळी गोळा करणं हे तिथल्या कुटुंबांचं उत्पन्न आहे. त्यांच्याकडून ताजी, न वाळवलेली, ठरवून विकत घ्या.

शक्य तिथे बी थेट जागेवर पेरा. मोह, पळस, अंजन, बेहडा यांचं सोटमूळ पहिल्याच पावसाळ्यात सरळ खाली जातं. नर्सरीच्या छोट्या थैलीत ते तळाला लागून वळतं, आणि वळलेलं मूळ पुढे जन्मभर वळलेलंच राहतं. चराच्या मातीच्या ढिगावर, आतल्या उताराला, अर्ध्या वीतभर अंतरावर दोन-दोन बिया. वरून बोराटीची काटेरी फांदी टाका. नर्सरी करायचीच असेल तर थैली निदान फूटभर खोल घ्या. निम्मी टेकरीचीच माती, बाकी वाळू आणि शेणखत. फार लाड नकोत. मार्चपासून पाणी हळूहळू कमी करा, म्हणजे रोप टेकरीवर गेल्यावर दचकत नाही.

बियांचे गोळे फेकण्याची सध्या फॅशन आहे. मुलांना मजा येते, म्हणून करा. पण उघड्या मुरमावर पडलेल्या गोळ्यातून उगवलेलं रोप पहिल्या उघडिपीत वाळतं. तेच बी चरात दोन बोटं खोल पुरलं तर बरं.

घाणेरी आणि मंडळी

टेकरी घाणेरीने, म्हणजे लँटानाने भरली असेल तर वरून छाटून उपयोग नाही, दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या गटाने बसवलेली पद्धत सोपी आहे: खोड आणि मूळ जिथे जुळतं, त्याच्या खाली, जमिनीत तीन-चार बोटं, कुदळीने मूळ तोडायचं, आणि झुडूप उलटं करून तिथेच ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पहिल्या पावसानंतर माती मऊ असते, फळं पिकायच्या आत उरका. बंद भागाची घाणेरी एकदम काढू नका. एक पट्टा काढा, तिथे गवत आणि बी येऊ द्या, मग पुढचा. मोकळ्या झालेल्या जागेवर दोन वर्षं नवी रोपटी उपटत राहावं लागतं, कारण पक्षी बिया आणतच असतात. गाजर गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटा.

आता रोपं

खड्डे मेमध्ये, वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती तळाशी. लावणी कधी, यासाठी शेतकऱ्याकडे बघा. सोयाबीन पेरायला तो चार इंच पाऊस व्हायची वाट पाहतो. रोपांनाही तोच नियम, मग प्रमुख पाहुण्यांची तारीख कुठलीही असो. जुलै उलटला की नवीन लावू नका. मुळं धरायला पुरेसा पावसाळा उरत नाही.

माथ्यावर आणि उघड्या मुरमावर खैर, सालई, मोई. सालईची जाड फांदी रोवूनही लागते. मधल्या उतारावर बहावा, बेल, चारोळी, शिरीष, आपटा. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. पायथ्याच्या काळ्या, पाणथळ मातीत पळस आणि देशी बाभूळ. झाडांमध्ये करवंद, मुरूडशेंग, निर्गुडी यांसारखी झुडपं विसरू नका, जंगलाचा अर्धा जीव त्यांच्यात असतो. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी नको. कोनोकार्पस तर अजिबात नको. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

ओळीत लावू नका, अंतर मोजत बसू नका. मोकळी जागा दिसेल तिथे तीन-चार वेगवेगळ्या जाती जवळ जवळ. पहिल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बुडाशी गवताचं आच्छादन. टँकरची सवय लावू नका. ज्या रोपाला दर आठवड्याला टँकर लागतो ते त्या जागेचं झाड नाही.

शहरातलं घरचं काम

टेकरीवर घाम गाळायचा आणि घरी तिच्यावरच भार टाकायचा, हे जमत नाही. आपल्या मराठी घरांपुरतं बोलायचं तर दसऱ्याचं सोनं बघा: बाजारात आपट्याच्या पानांबरोबर अख्ख्या फांद्या येतात, आणि त्या कुठून तरी तोडलेल्या असतात. घरटी दोन पानं पुरतात. वटपौर्णिमेला बाजारातली फांदी आणून पूजण्यापेक्षा गल्लीतल्या वडाकडे जा. होळीला गोवऱ्या. घराजवळचं झाड कोणी तोडत असेल तर २००१ च्या राज्य कायद्याप्रमाणे महापालिका हद्दीत परवानगी लागते. ती बघायला मागा. आणि गच्चीचं पाणी: एक हजार चौरस फूट गच्चीवर वर्षाला ८५ हजार लिटरच्या आसपास पाऊस पडतो. गाळणी लावून तो बोअरवेलमध्ये उतरवला तर तेवढं पाणी घाटावरून चढवावं लागत नाही.

मोजत राहा

दर वर्षी दोनदा मोजणी: ऑक्टोबरात आणि मेअखेर. ऑक्टोबरचा आकडा सगळेच सांगतात, खरा आकडा मेचा. तेच सुतळीचे चौकोन, त्याच जागा, कोपऱ्यांना दगड रंगवून ठेवलेले. जात, उंची, जिवंत की नाही, खाल्लेलं की जळालेलं. मेलेल्या रोपाचं कारण लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी तीच जात त्याच जागी पुन्हा लावली जाते. फोटोसाठी एक खांब ठरवा, दर वेळी त्याच खांबावर फोन टेकवून त्याच दिशेला.

पहिल्या वर्षी फक्त गवत वाढलेलं दिसेल आणि देणगीदार विचारतील, झाडं कुठे आहेत? त्यांना चौकोनाची वही दाखवा. दुसऱ्या वर्षी धुमारे गवताच्या वर येतात. तिसऱ्या वर्षापासून पळस, मोई, खैर माणसाच्या डोक्यापर्यंत जायला लागतात, ससे आणि तितर दिसतात. महू-चोरलच्या बाजूला बिबट्या आहे, म्हणून मोजणीला एकटं जाऊ नका आणि उजाडल्यावरच निघा.

धुमाऱ्यांचे शेंडे गाईच्या तोंडाच्या वर गेले की बंद भाग उघडायची वेळ झाली. पण शेळ्या लगेच नकोत, आणि गाई-म्हशी दिवाळीनंतरच, गवताचं बी जमिनीवर पडल्यावर. त्याच आठवड्यात दुसरा भाग बंद करा, आणि कोणता, हे गावाच्या बैठकीत ठरू द्या.